धर्माचा, विम्याचा, पैशाचा

आजीच्या हिशेबाने मुंबईत दवाखाने तीनच होते. एक धर्माचा, एक विम्याचा आणि एक पैशाचा. हॉस्पिटलांची नावं तिला ठाऊक होती, पण ती घेत नसे. चाळीत कुणी आजारी पडलं की भाकरीच्या पिठाचे हात तसेच पुढे धरून ती गॅलरीत यायची आणि विचारायची, "कुठं न्हेलं? धर्माच्या का इम्याच्या?" पैशाच्या दवाखान्याचं ती विचारतच नसे. लालबागच्या त्या चाळीतून तिथं जाणार कोण?

आजी पाटण तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईत आली ती साच्यावर काम करणाऱ्या माणसाच्या दहा बाय बाराच्या खोलीत, आणि दोन वर्षांत तिने तिथंच खानावळ सुरू केली. बारा-चौदा गडी दोन पाळ्यांत जेवून जायचे. तिच्या सगळ्या गोष्टी मी भाकऱ्या थापण्याच्या तालावर ऐकल्या आहेत. गोष्ट ऐन भरात आली की थापणं थांबायचं, आणि तव्यावरची भाकरी करपायची.

तिची सगळ्यात जुनी गोष्ट तिच्या आजेसासऱ्यांची, प्लेगच्या सालातली. ते गिरणीत लागून वर्षही झालं नव्हतं. सरकारी माणसं घरात शिरत, बायाबापड्यांच्या काखेत आणि जांघेत गाठी चाचपत आणि संशय आला की माणूस उचलून ऑर्थर रोडच्या दवाखान्यात नेत. गेलेला माणूस परत येत नाही, असं लोक म्हणत. "मंग आमच्या मामंजींच्या बापानं आन् गिरणीतल्या लोकांनी धोंडं मारलं दवाखान्यावर," आजी अभिमानाने सांगायची. ही तिने रंगवलेली गोष्ट असेल असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. पुढे इतिहासाच्या पुस्तकात वाचलं, की ऑक्टोबर १८९६मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोड हॉस्पिटलवर खरंच हल्ला केला होता. ते हॉस्पिटल आज कस्तुरबा म्हणून ओळखलं जातं. आमचे खापरपणजोबा त्या जमावात होते की नाही याला पुरावा नाही. आजीचा शब्द मात्र आहे.

ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगते आहे. दवाखान्याच्या दाराशी आमच्या घराचं नातं कुठून सुरू झालं ते त्यात आहे. आत ओढून नेतील म्हणून दगड मारणारी एक पिढी होती. तिच्या नातवंडांना त्याच शहरात आत घ्या म्हणून दाराशी उभं राहावं लागलं.

मधल्या काळात धर्माचे दवाखाने लोकांच्या अंगवळणी पडले. जेजे तर प्लेगच्याही आधीचं. बाटल्यांच्या धंद्यातून पुढे आलेल्या जमशेटजी जीजीभॉयांनी लाख रुपये दिले, कंपनी सरकारने आपली भर घातली आणि १८४५मध्ये ते सुरू झालं. परळचं केईएम १९२६चं, नगरपालिकेचं. त्याच्या जोडीच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजसाठी पैसा देणाऱ्यांनी एक अट घातली होती: इथं शिकवणारे आणि तपासणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत, आणि तेही सरकारी नोकरीतले नकोत. आजीला या अटीची काहीच माहिती नव्हती, पण केईएमबद्दल ती म्हणायची, "थितं डाक्टर आपल्यावानी बोलतो." माझे वडील तिथंच जन्मले. त्या बाळंतपणाचा केसपेपर तिने शेवटपर्यंत जपून ठेवला होता.

तरीही 'धर्माचा' हा शब्द उच्चारताना तिचा आवाज खाली यायचा. फुकट मिळतं ते मान खाली घालून घ्यायचं, हे तिच्या हाडीमासी भिनलेलं होतं. वॉर्डातल्या मावशीने हाड्हुड केलं तरी बोलायचं नाही. जमिनीवर गादी टाकली तरी बोलायचं नाही. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर आणायचं. "धर्माचं हाय. आपुन काय पैसं भरल्यात व्हय?"

विम्याच्या दवाखान्याची गोष्ट निराळी. तिथे ती ताठ मानेने जायची.

राज्य कामगार विमा कायदा १९४८चा. मुंबईच्या गिरण्यांत तो पन्नासच्या दशकात आला. पगारातून कामगाराची वर्गणी कापली जायची, मालक आपला वाटा भरायचा आणि कामगाराच्या हातात एक कार्ड यायचं. सुरुवातीला कार्ड फक्त कामगारापुरतं होतं, पुढे घरच्या माणसांनाही उपचार मिळू लागले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पॅनेलचे डॉक्टर बसत. तिथून मोठ्या कामाला परळच्या महात्मा गांधी हॉस्पिटलात पाठवत. आजोबांना साचा खात्यातल्या धुळीने दम लागायचा. मग ते 'सिक' घ्यायचे, आणि रजेचेही थोडे पैसे मिळायचे. एकदा पॅनेलच्या डॉक्टरांनी रांगेत फार वेळ थांबवलं, तेव्हा आजी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "दर पगाराला कापत्यात आमचं. फुकट न्हाई आलो." हे वाक्य चाळीत बरीच वर्षं फिरलं. बायका एकमेकींना ते म्हणून दाखवायच्या.

त्या बायकांपैकी किती जणींना ते म्हणायचा हक्क होता, हा प्रश्न मला खूप उशिरा पडला. खानावळवाल्या बायका गिरणगावाचं पोट भरत होत्या, पण त्यांच्या स्वतःच्या नावाने कार्ड नव्हतं. नवरा गिरणीत असेल तोवर त्याच्या कार्डावर. समोरच्या खोलीतल्या विधवा काकू वीस गड्यांचं जेवण करायच्या, आणि त्यांच्या हाताला पू झाला तेव्हा त्या धर्माच्याच दवाखान्यात गेल्या. १९७५मध्ये प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा या बायकांना कर्जासाठी बँकेचं दार पहिल्यांदा उघडलं. विम्याचं दार मात्र त्यांना बंदच राहिलं.

१८ जानेवारी १९८२ला संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्या संपाबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी त्यात भर घालत नाही. फक्त एक गोष्ट सांगते, जी मला त्या लिखाणात फारशी भेटली नाही. पगार थांबला तशी वर्गणी कापली जाणं थांबलं, आणि वर्गणी थांबली तसा काही महिन्यांत विम्याच्या दवाखान्यावरचा हक्कही गेला. लोकांना हे कुणी पत्र पाठवून कळवलं नाही. पॅनेलच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. आजोबा कार्ड खिशात घालून गेले आणि तसेच परत आले. ते कार्ड त्यांनी फाडलं नाही. देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत, माझ्या वडिलांच्या जन्माच्या त्या केसपेपरशेजारी ठेवून दिलं. संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. आजोबांच्या मनात ते कार्डही बहुधा कधी रद्द झालं नाही.

आतोबा तेव्हा तीस वर्षांचे, त्याच गिरणीत तिरासनवर. संप लांबला तसे ते उपनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लागले. आठ माणसांचं वर्कशॉप. एवढ्या छोट्या जागेला विम्याचा कायदा लागू होत नसे. १९८४च्या पावसाळ्यात पत्र्यांचा गठ्ठा उतरवताना सुटला आणि त्यांच्या उजव्या पायावर आला.

मी तेव्हा अकरा वर्षांची. आतोबांना प्रत्यक्ष पाहिलं ते पुढे केईएमच्या वॉर्डात. आधीचं सगळं आजीच्या तोंडून ऐकलं आहे. तिने ते इतक्या वेळा सांगितलं, की आता मलाच ते पाहिल्यासारखं वाटतं. वर्कशॉपपासून पाच मिनिटांवर मोठं हॉस्पिटल. बरोबरच्या पोरांनी आतोबांना हातगाडीवर घालून नेलं. दाराशी संगमरवरी पायऱ्या होत्या. हातगाडी वर चढेना म्हणून चौघांनी उचललं. काउंटरवरच्या माणसाने पाय बघितला आणि पाच हजार डिपॉझिट सांगितलं. आजोबांचा गिरणीतला शेवटचा पगार हजाराच्या आत होता. पोरांनी खिसे झाडले, साडेतीनशे निघाले. वरवर पट्टी बांधून मिळाली आणि "परळला न्या" असं सांगितलं गेलं. तोवर आत्या येऊन पोचली. तिने गळ्यातलं काढून काउंटरवर ठेवलं. "दागिने घेत नाही," म्हणून ते परत सरकवलं गेलं. बाहेर पाऊस, टॅक्सी मिळेना, रेल्वेचे रूळ पाण्याखाली. केईएमला पोचायला रात्र झाली. तिथं ताबडतोब घेतलं. तिसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

वेळेवर उपचार झाले असते तर पाय वाचला असता का, हे केईएमच्या डॉक्टरांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आजी मात्र ही गोष्ट संपवताना दर वेळी एकच म्हणायची: "त्यो पैशाचा दवाखाना व्हता. आपुन तिकडं जायाच नको व्हतं." चूक आपली. हॉस्पिटलवर तिचा राग नव्हता. दुकानात पैसे नसताना गेलं तर दुकानदार वस्तू देत नाही, इतकं सरळ ते तिला वाटे.

मी वकील झाले आणि १९९८मध्ये एका वरिष्ठांकडे ज्युनिअर म्हणून लागले. त्यांचं बरंचसं काम विश्वस्त संस्थांचं, म्हणजे वरळीला अ‍ॅनी बेझंट रोडवर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल करायचा, संस्थेच्या नोंदीचा उतारा काढायचा, हिशेब जोडायचे. ज्युनिअरला द्यायचं ते काम. एका दुपारी अशाच एका संस्थेच्या उताऱ्याची नक्कल हातात आली. नाव वाचलं, पत्ता वाचला आणि मी तो कागद घेऊन जिन्यात जाऊन बसले. हे तेच हॉस्पिटल होतं. आजीचा 'पैशाचा दवाखाना'. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा, १९५० याखाली नोंदलेला धर्मादाय न्यास. उद्देशाच्या रकान्यात पहिलंच कलम होतं, गरीब व गरजू रुग्णांना वैद्यकीय मदत.

म्हणजे तोही धर्माचाच होता.

त्या क्षणाला काय वाटलं ते अजून नीट सांगता येत नाही. रागाच्या आधी आठवण आली ती हातगाडीची. संगमरवरी पायऱ्या, आणि त्यांच्यापुढे अडलेली हातगाडी.

त्यानंतर मी तो कायदा परीक्षेसाठी वाचतात तसा नव्हे, घरचा हिशेब तपासतात तसा वाचला. अशा संस्थांना धर्मादाय म्हणून आयकरात सवलत असते. कुणाला सरकारने नाममात्र भाड्याने जमीन दिलेली असते, कुणाला जास्तीचं बांधकाम करू दिलेलं असतं. परदेशातून यंत्रं आणली तर सीमाशुल्क माफ. १९८८च्या एका अधिसूचनेत या माफीची अट स्पष्ट लिहिली होती: बाह्यरुग्णांपैकी निदान ४० टक्के लोकांना मोफत तपासायचं, आणि महिना ५०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या माणसांसाठी १० टक्के खाटा राखून त्यांना फुकट उपचार द्यायचे. सर्वोच्च न्यायालयाने पुढे सांगितलं, की ही जबाबदारी एकदा पार पाडून संपणारी नाही, ती चालूच राहते. आणि आमच्या राज्यात १९८५मध्येच, आतोबांचा पाय गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, विश्वस्त कायद्यात कलम ४१ कक घालण्यात आलं होतं. सरकारी मदत घेतलेल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा गरिबांसाठी आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, असा आदेश देण्याचा अधिकार त्याने धर्मादाय आयुक्तांना दिला.

कलम होतं. खाटा मात्र फारशा कुणाला दिसत नव्हत्या. कुठल्या हॉस्पिटलात किती, कुणाला द्यायच्या, औषधांचे पैसे कुणी भरायचे, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. माझ्या वरिष्ठांना विचारलं तर ते म्हणाले, "कलमाला हातपाय फुटायला कोर्टात जावं लागतं."

त्या वर्षांत मी जुने निवाडे शोधून वाचायचे आणि रविवारी आजीला सांगायचे. तिला कोर्टाच्या गोष्टी आवडायच्या. त्यात कुणी तरी शेवटी काही तरी ठरवतं, हे तिला बरं वाटायचं. परमानंद कटारा यांची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली. मोटारीने स्कूटरवाल्याला उडवलं. जवळच्या दवाखान्याने पोलीस केस म्हणून घेतलं नाही, वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्याकडे पाठवलं आणि तो वाटेतच गेला. कटारांनी वर्तमानपत्रातलं कात्रण घेऊन सर्वोच्च न्यायालय गाठलं. २८ ऑगस्ट १९८९ला न्यायालयाने सांगितलं, की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, सरकारी असो वा खासगी, आणि कुठल्याही कार्यपद्धतीने त्याला उशीर लावता येणार नाही.

दुसरी गोष्ट हकीम शेख यांची. बंगालमधला शेतमजूर. ८ जुलै १९९२ला मथुरापूर स्टेशनवर गाडीतून पडला, डोक्याला मार लागला. त्याला एकामागून एक सरकारी दवाखाने फिरवले. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी खासगी हॉस्पिटलात नेलं, तिथे सतरा हजारांच्या घरात खर्च झाला. त्याच्या शेतमजूर संघटनेने खटला लढवला. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला २५ हजारांची भरपाई द्यायला लावली आणि बजावलं, की वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही.

आजीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्येचा पाय ऱ्हायला?"

"डोक्याला लागलं होतं, आजी. तो वाचला."

"आन् पैसं मागाय गेला तवा त्येला लाज न्हाई वाटली?"

मी म्हटलं, "पैसे मागायला तो नव्हता गेला. हक्क मागायला गेला होता." ती काहीच बोलली नाही, पण परातीत थापलेली भाकरी तव्यावर टाकायची राहिली.

कलमाला हातपाय फुटले ते २००६मध्ये. मुंबई उच्च न्यायालयात २००४पासून ३१३२ क्रमांकाची जनहित याचिका चालू होती. तिच्यात १७ ऑगस्ट २००६ला न्यायालयाने एक योजनाच मंजूर केली आणि १ सप्टेंबरपासून ती राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना लागू झाली. आज अशी चारशेहून जास्त रुग्णालयं आहेत. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात. वर्षाला २५ हजारांपर्यंत उत्पन्न तो निर्धन, ५० हजारांपर्यंत तो दुर्बल घटक. हे आकडे पुढे वाढत गेले आणि आता १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजारांवर आले आहेत. पुरावा म्हणून तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड. आणि तातडीची केस असेल तर आधी माणूस आत घ्यायचा, जीव स्थिर करायचा, डिपॉझिट मागायचं नाही.

मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती निर्धन रुग्ण निधीची. गरिबाला खाट फुकट मिळाली तरी स्टेंटला, रॉडला, महागड्या इंजेक्शनला पैसा लागतोच. न्यायालयाने ठरवून दिलं, की पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या एकूण बिलातले २ टक्के हॉस्पिटलने एका वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्यातून हा खर्च भागवायचा. वर्षाला १०० कोटींचं बिल करणाऱ्या हॉस्पिटलात २ कोटी. ज्याच्याकडे आहे त्याच्या बिलातून, ज्याच्याकडे नाही त्याच्या पायातल्या रॉडसाठी. आजीला हे समजावताना मी गिरणीच्या वर्गणीचं उदाहरण दिलं. तिला ते पटकन पटलं. "म्हंजे कापत्यात," ती म्हणाली. "मंग धर्माचं कसं? त्ये तर इम्यावानी झालं."

इतकं नेमकं मला कुठल्याही निवाड्यात वाचायला मिळालं नव्हतं.

योजनेचा कागद आणि काउंटर यांच्यामध्ये मात्र बरंच अंतर आहे. गेली अठरा-एकोणीस वर्षं माझे शनिवार त्या अंतरात जातात. एक प्रसंग सांगते. चेंबूरच्या एका वस्तीतली बाई, धुणीभांडी करणारी. नवऱ्याला छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलात नेलं. मी पोचले तेव्हा तो स्ट्रेचरवर होता आणि बाई काउंटरपाशी. काउंटरवरचा मुलगा वाईट नव्हता, घाबरलेला होता. "मॅडम, चॅरिटीच्या खाटा फुल आहेत. डिपॉझिट भरा, नंतर कागद बघू." मी पिशवीतून आदेशाची प्रत काढली. प्लास्टिकच्या फोल्डरमधली, घडीवर फाटायला आलेली. तातडीच्या केसचा परिच्छेद बोटाने दाखवला. आजच्या राखीव खाटांची स्थिती लेखी मागितली. तो आत गेला. बाहेर आल्या त्या तिथल्या वैद्यकीय समाजसेविका, पन्नाशीच्या बाई. प्रत वाचली नाहीच, त्यांना ती पाठ होती. हळूच म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही मागितलंत. मागितल्याशिवाय मला वर बोलता येत नाही." दहा मिनिटांत तो माणूस आत गेला. तपासणीत दोन ठिकाणी अडथळा सापडला, स्टेंट पडला, निधीतून.

बाईकडे दाखला नव्हता. रेशनकार्ड केशरी, त्यावर सासऱ्यांचं नाव. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात तिला तीन खेपा माराव्या लागल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली. ज्यांना या योजनेची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याकडेच कागद सगळ्यात कमी असतात. बिहारहून आलेला बांधकाम मजूर, रस्त्यावर राहणारी म्हातारी, घरातून हाकललेली बाई. यांचं उत्पन्न सिद्ध कोण करणार? आणि मुंबई-पुण्यातच अशी हॉस्पिटलं एकवटलेली असताना गडचिरोलीच्या माणसाला १० टक्क्यांतलं काय मिळणार? मला या योजनेचं मोल मोठं वाटतं, म्हणूनच हे बोलल्याशिवाय राहवत नाही.

२०१२ला राजीव गांधी जीवनदायी योजना आली, सुरुवातीला आठ जिल्ह्यांत आणि मग राज्यभर. आता ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. तेव्हा काही लोक म्हणाले, आता धर्मादाय खाटांची काय गरज? पण विमायोजनेत आजारांची यादी असते; सुरुवातीला ९७१ उपचारांची होती. माणूस यादी बघून आजारी पडत नाही. यादीबाहेरचा ताप, यादीबाहेरचा अपघात घेऊन आलेल्या माणसाला ती राखीव खाटच उरते. त्यामुळे आम्ही दोन्ही कागद बरोबर ठेवतो.

आजी २०११मध्ये गेली. शेवटचं दुखणं चार दिवसांचं, केईएममध्ये. दुसऱ्या दिवशी वॉर्डातली मावशी चादर बदलायला कुरकुर करू लागली. आजीला बोलायचं त्राण नव्हतं, तरी तिने माझा हात ओढला आणि काहीसं पुटपुटली. मी कान जवळ नेला. "सांग तिला," ती म्हणाली, "आमचं कापल्यात." मी मावशींना काही सांगितलं नाही. त्यांच्याकडे एका पाळीत साठ खाटा होत्या. चादर मीच बदलली.

आतोबांनी मला बरीच वर्षं साथ दिली नाही. त्या हॉस्पिटलाचं नावही त्यांना ऐकवत नसे. मी उताऱ्याची नक्कल दाखवली तेव्हा त्यांनी ती उलटी करून टेबलावर ठेवली आणि चहा मागितला. मग आजीच्या दिवसकार्याच्या वेळी ट्रंक उघडली. तिच्यात आजोबांचं विम्याचं कार्ड, वडिलांच्या जन्माचा केसपेपर आणि त्या दोन्हींच्या मधे, मी कधी काळी तिला दिलेली २००६च्या आदेशाची मराठी टिपणं होती. तिला वाचता येत नव्हतं. आतोबांनी ते तिन्ही कागद बराच वेळ मांडीवर धरून ठेवले.

पुढच्या शनिवारी ते कुबडी घेऊन माझ्याबरोबर निघाले. आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, पण शनिवार चुकवत नाहीत. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर वडाच्या पारावर बसतात. शेजारी झेरॉक्सचा गठ्ठा. परवा मी आतून काम आटपून आले तेव्हा त्यांच्यासमोर एक पोरगा उभा होता, डोळे सुजलेले, हातात हेल्मेट. त्याचे वडील आत होते.

"रेशनकार्ड आणलंस?" आतोबा विचारत होते.

"गावाला आहे."

"मग रडतोस कशाला? फोन लाव घरी. दोन्ही पानांचा फोटो मागव. आणि आत गेल्यावर काय म्हणायचं, ते परत एकदा म्हणून दाखव."

पोरगा म्हणू लागला. आतोबांनी मधेच थांबवलं आणि कुबडीने त्याच्या खांद्याला हलकेच टोचलं.

"मान वर करून."